माढा ते मुरगाव : दोन रात्रींचा बोटीचा प्रवास



या पानावर प्रवासवर्णन येते ते बहुधा बोधगया, सारनाथ, लुंबिनी किंवा नागपूरच्या दीक्षाभूमीचे. आजचे वर्णन जरा वेगळे आहे. आम्ही उभयता मोठ्या प्रवासी बोटीतून मुंबईहून गोव्याला जाऊन आलो. सहल म्हणून, मजा म्हणून गेलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आम्ही परत आल्यापासून माढ्यात निरनिराळ्या गोष्टी कानावर येत आहेत. कोणी म्हणते हे परदेशी गेले होते, कोणी म्हणते लॉटरी लागली.

खर्चाचा हिशेब प्रथम देतो. आम्ही बी. कॉम. झालेला कारकून माणूस. जमा-खर्चाची दोन्ही बाजू जुळल्याशिवाय झोप येत नाही. लग्नाला पंचवीस वर्षे झाली. मुलगी पुण्यात एका इस्पितळात नर्स आहे. तिने अर्धे पैसे दिले आणि अर्धे आम्ही पतसंस्थेतील आवर्त ठेव मोडून घातले. तिकीट, बंदराचा आकार, सेवा आकार, जीएसटी असे सर्व धरून दोघांचे ४८ हजारांच्या आसपास गेले. खिडकी नसलेली खोली घेतली म्हणून एवढ्यात भागले. कर्ज काढले नाही. गेली वीस वर्षे आम्ही वस्तीत सांगत आलो की लग्नकार्यासाठी सावकाराचे कर्ज काढू नका. तेव्हा कर्ज काढून बोटीत बसणे शक्यच नव्हते.

तरी विहाराच्या कमिटीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलेच, "साहेब, विहाराच्या कंपाउंडचे काम पैशावाचून अडलंय, आणि कार्यकर्त्यानं बोटीवर जावं का?" प्रश्न रागाचा नव्हता, कळकळीचा होता. आम्ही म्हणालो, विहाराची वर्गणी दरमहा दिली आहे आणि पुढेही देऊ. पण आमच्या सौ. मागे बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "दादा, माझी आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होती. तिनं एस.टी.तून पंढरपूर आणि बार्शी सोडून काही बघितलं नाही. मी तरी समुद्र बघू का नको?" त्यावर सभासद हसले आणि विषय तिथेच थांबला.

आमच्या माढा तालुक्यात समुद्र म्हणजे उजनी. भीमेवरचे हे धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले आणि त्याचे पाणी एवढे लांब पसरले की पलीकडचा काठ धूसर दिसतो. आमच्याकडची म्हातारी माणसे त्याला सरळ "दर्या" म्हणतात. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात, ते बघायला पुण्या-मुंबईचे लोक मोटारी घेऊन येतात. सौ.ची समुद्राची कल्पना एवढीच होती.

सहा डिसेंबरची चैत्यभूमीची गर्दी ओसरल्यावर, २०२३ च्या डिसेंबरात आम्ही निघालो. माढ्याहून एस.टी.ने कुर्डुवाडी आणि तेथून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस. सौ.नी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. मुलीने फोनवर बजावले होते की बाहेरचे जेवण बोटीवर नेऊ देत नाहीत. मग ते सर्व आम्ही गाडीतच संपवले. समोरच्या बाकावरच्या अकलूजच्या गृहस्थांनीही हात लावला.

सकाळी मुंबईत उतरलो. बोटीत चढायला दुपार होती. फोर्टात फिरताना दादाभाई नौरोजी रोडवर सिद्धार्थ कॉलेजची आनंद भवन ही इमारत बाहेरून पाहिली. तेथून चालत बॅलार्ड पिअर. अंतर फार नाही, सामान थोडे असल्यास टॅक्सी करू नये.

बॅलार्ड पिअरला उभे राहिल्यावर आमच्या मनात काय आले ते लपवत नाही. बाबासाहेब मुंबईच्या याच बंदरातून ४ ऑक्टोबर १९३० रोजी "व्हाइसरॉय ऑफ इंडिया" या बोटीने पहिल्या गोलमेज परिषदेला गेले आणि पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला "मुलतान" बोटीने दुसऱ्या परिषदेला. त्या काळी विलायतेला जायचे म्हणजे बोटच. १९१७ साली लंडनहून परत येताना त्यांनी पुस्तकांच्या पेट्या आणि कागदपत्रे "सालसेट" नावाच्या बोटीने पाठवली होती. महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली आणि वर्षानुवर्षे जमवलेली पुस्तके तळाला गेली. ते स्वतः मार्सेल बंदरातून "कैसर-इ-हिंद" बोटीने कोलंबोला उतरले आणि रेल्वेने मुंबईला आले. सनातनी मंडळी तेव्हा समुद्र ओलांडला की धर्म बाटतो म्हणून प्रायश्चित्त घेत. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांना समुद्राने बाटण्याची भीती कसली?

असो. आता बोटीकडे वळू.

बोटीचे नाव "एम्प्रेस". लांबी २११ मीटर, म्हणजे सिद्धेश्वर एक्सप्रेसचे नऊ डबे जोडून उभे करावेत एवढी. उंचीला दहा-अकरा मजले. आत हजार-दीड हजारांहून जास्त माणसे मावतात आणि नोकरवर्ग वेगळा. ही बोट आपल्याकडे बांधलेली नाही. १९९० साली फ्रान्समधील सेंट नाझेर येथील गोदीत ती तयार झाली. तेव्हा तिचे नाव "नॉर्डिक एम्प्रेस" होते आणि ती अमेरिकेतील मायामीहून बहामा बेटांकडे तीन-चार दिवसांच्या सहली करी. कॅरिबियन समुद्र म्हणून जो आहे, तेथे गोऱ्या लोकांना सुट्टीत फिरवणे हेच तिचे काम. मध्ये नाव बदलले, मालक बदलले. कोरोनाच्या साथीत जगभरच्या अशा बोटी बंद पडल्या, त्या वेळी ती विकली गेली आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया या नावाखाली मुंबईहून फिरू लागली. म्हणजे तीस वर्षे वापरून झाल्यावर ती आपल्याकडे आली. आमच्या खोलीतील पितळी कडी झिजून गुळगुळीत झाली होती. किती देशांच्या माणसांचे हात तिला लागले असतील!

कॅरिबियन बेटांचा विषय निघालाच आहे तर माढ्याच्या वाचकांना एक सांगावेसे वाटते. ज्या निळ्या समुद्रात आज श्रीमंत लोक बोटीतून हवा खातात, त्याच समुद्रातून आफ्रिकेतील लाखो माणसे बेड्या घालून आणली गेली. कशासाठी? उसासाठी. ती बेटे म्हणजे उसाचे मळे. इंग्रजांनी आपल्या वसाहतींत गुलामगिरी बंद केल्यावर मळ्यांना माणसे मिळेनात, तेव्हा हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. ३० मे १८४५ रोजी "फातेल रझाक" नावाची बोट सव्वादोनशेच्या आसपास मजूर घेऊन त्रिनिदादला पोचली. त्यांना आपल्याकडे गिरमिटिया म्हणतात. आमच्याकडे साखर कारखान्याचा भोंगा झाला की बीडकडून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून उसतोड कामगार येतात, पाचटाच्या खोपीत राहतात. बोटीच्या गादीवर पडल्यापडल्या आम्हाला ते आठवले. सौ. म्हणाल्या, "आता झोपा, इथं तरी मीटिंग नको."

बोट सुटण्यापूर्वी एक काम सक्तीचे असते. ज्याला ते मस्टर ड्रिल म्हणतात. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब असे आवाज झाले की प्रत्येकाने ठरवून दिलेल्या जागी जमायचे, लाईफ जॅकेट कसे बांधायचे ते बघायचे. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यानंतर जगातील देशांनी एकत्र येऊन बोटींच्या सुरक्षिततेचे नियम केले, त्यातला हा प्रकार. बरीच तरुण मंडळी फोनवर फोटो काढण्यात दंग होती. आम्हाला ते बरे वाटले नाही. मुंबईच्या दारातच, १७ जुलै १९४७ रोजी, रेवसला निघालेली "रामदास" बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. दहा मिनिटे उभे राहून शिकायला काय हरकत आहे?

सायंकाळी बोट हलली. हलली हे कळलेसुद्धा नाही. काठावरच्या इमारती सरकू लागल्या तेव्हा कळले. सौ. कठड्याला धरून उभ्या होत्या. कुलाब्याच्या टोकाचे प्राँग्स दीपगृह मागे पडले. ते १८७५ पासून तेथे आहे. पुढे डाव्या अंगाला खांदेरी आणि उंदेरी. खांदेरीचा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७९ साली इंग्रज आणि सिद्दी यांच्या डोळ्यांदेखत उभा केला. बोटीवर त्याबद्दल कोणी काही सांगत नव्हते, वरच्या मजल्यावर मोठ्या आवाजात हिंदी गाणी चालली होती. सूर्य पाण्यात गेला तेव्हा मात्र गाणी चालू असूनही माणसे गप्प झाली. सौ. एवढेच म्हणाल्या, "उजनीला पलीकडं इंदापूर असतं. इथं काहीच नाही."

खोली म्हणजे आमच्या ऑफिसातील रेकॉर्ड रूमएवढी. दोन पलंग, एक आरसा, आणि न्हाणीघर एवढे लहान की साबण पडला तर दार उघडून वाकावे लागे. संडास हवेने ओढून घेणारा. त्याचा आवाज असा होतो की सौ. पहिल्या वेळी दार उघडून बाहेरच आल्या. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. एक कार्ड देतात, तीच खोलीची किल्ली आणि तोच बटवा. त्यात एक धोका आहे. नोट मोडताना मनाला लागते तसे कार्ड दाखवताना लागत नाही. तिकिटात जेवण-नाश्ता येतो, पण दारू, काही खास हॉटेले, इंटरनेट यांचे पैसे वेगळे. आम्ही दोन दिवसांत कार्डावर एकही वस्तू घेतली नाही. जुगाराचे दालन काचेतून पाहिले आणि पुढे गेलो. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर फोनची रेंज जाते. दोन दिवस कोणाचा दाखला, कोणाचे राशनकार्ड, कोणाची पोलीस स्टेशनची भानगड, काही नाही. वीस वर्षांत असे प्रथमच झाले.

पोटात ढवळण्याची भीती सर्वांनाच असते. डिसेंबरात अरबी समुद्र शांत असतो. बोट सर्वांत कमी हलते ती मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर, म्हणजे गरिबांच्या स्वस्त खोल्या असतात तेथे. सौ.ना रात्री थोडे गरगरले, आल्याचा तुकडा चघळून बरे वाटले. ज्यांना त्रास होतो त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून गोळी जवळ ठेवावी.

जेवणात पदार्थ मोजता येणार नाहीत एवढे, पण भाकरी नाही. पनीर मात्र तीन त्रिकाळ. रात्री मोठ्या टेबलावर आमच्यासमोर एक कुटुंब बसले होते. चांगले बोलके गृहस्थ होते. गाव विचारले, नोकरी विचारली, मग आडनाव विचारले. आडनावावरून त्यांना उमगेना, तेव्हा "म्हणजे मूळचे तुम्ही कोण?" असे विचारले. हा प्रश्न आपल्या वाचकांना नवा नाही. तो भाड्याच्या खोलीच्या दारात येतो, बदलीच्या गावी पहिल्या दिवशी येतो. तो समुद्रावर, किनाऱ्यापासून कित्येक मैलांवर येईल असे वाटले नव्हते. आम्ही उत्तर देण्यापूर्वी सौ.नी दिले. "आम्ही बौद्ध," आणि त्यांच्याकडे लोणच्याची वाटी सरकवली. गृहस्थ "हो का, छान" म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते कुटुंब लांबच्या टेबलावर दिसले. कारण तेच होते असे आम्ही म्हणत नाही. तेथे कोणीही कोठेही बसू शकते. त्यांच्या सोबतच्या आजीबाई मात्र दोन्ही दिवस सौ.ना बघून हात हलवत होत्या.

आता ज्याच्याविषयी खरे लिहायचे आहे त्या मुलाकडे येतो. आमच्या खोलीची व्यवस्था पाहणारा मुलगा चोवीस-पंचवीस वर्षांचा, गुहागर तालुक्यातला. मराठी ऐकून त्याचा चेहरा खुलला. सकाळी तो चादरी बदलायला आला तर सौ.नी आधीच पलंग आवरून, चादरींच्या घड्या घालून, न्हाणीघर पुसून ठेवलेले. जन्मात दुसऱ्याने आपला अंथरुण-पांघरूण आवरलेले त्यांनी पाहिले नव्हते, सहन होईना. मुलगा दारात उभा राहून हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही असं करू नका. माझं काम मला करू द्या. घडी त्यांच्या पद्धतीची नसली की मलाच विचारतात." सौ. ओशाळल्या. मग त्या पलंगाच्या कडेला बसून राहिल्या आणि तो काम करत असताना त्याच्या घरचे विचारू लागल्या. काम करू द्यायचे पण माणसाकडे पाठ फिरवून बसायचे नाही, असा मधला मार्ग त्यांनी काढला.

त्याचे वडील मासेमारीच्या होडीवर खलाशी. बारावीनंतर त्याने हॉटेलच्या कामाचा कोर्स केला, मग सुरक्षिततेचे प्रशिक्षण घेतले, सीडीसी नावाचे खलाशाचे पुस्तक काढले. अशा नोकऱ्या करारावर असतात, साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या. करार संपला की घरी, पुन्हा बोलावणे आले की बोटीवर. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात आणि तेथील कितीतरी घरे बोटीच्या पगारावर उभी राहिली आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००६ चा करार आहे, भारताने तो २०१५ साली मान्य केला. त्याप्रमाणे खलाशाला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे.

आपल्या वस्तीतील बारावी झालेली मुले काम शोधत आहेत, म्हणून आम्ही त्याच्याकडून माहिती काढून घेतली, ती येथे देतो. बोटीवर नोकरी लावणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचे लायसन्स असावे लागते आणि असा एजंट नोकरी लावण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेऊ शकत नाही. पासपोर्ट, वैद्यकीय दाखला, सीडीसी यांचा खर्च उमेदवाराचा. तेव्हा कोणी लाख-दोन लाख मागू लागला तर जमीन विकायला धावू नका. आधी महासंचालनालयाच्या यादीत त्याचे नाव तपासा.

त्याच मुलाने पहिल्या संध्याकाळी एक गोष्ट सांगितली होती. "रात्री अकराच्या सुमाराला वर जाऊन डाव्या हाताला बघा. दिवे दिसले तर तो आमचा किनारा, दाभोळ आणि गुहागर." आम्ही विचारले, तू बघतोस का? तो म्हणाला, "आमची ड्युटी खाली. आमच्या खोल्यांना खिडकी नाही."

आम्ही अकराला वर गेलो. गाण्याचा गलबला टाळून मागच्या बाजूला उभे राहिलो. वारा गार होता, सौ.नी शाल घेतली होती. बराच वेळ काळोखच. मग लांब, पाण्याच्या अगदी रेषेवर, फिकट दिव्यांची ओळ आली. मध्ये मच्छीमारांच्या होड्यांचे दिवे हलत होते, त्यामुळे किनारा कोणता आणि होडी कोणती ते ओळखायला वेळ लागला. दाभोळ म्हटल्यावर सौ.ना रमाई आठवल्या. रमाईंचे माहेर दापोलीजवळचे वणंद. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या डोक्यावरून वाहत. रमाई जयंतीला महिला मंडळात सौ.नी हे भाषण कितीदा केले आहे. बंदर कसले, टोपली किती जड, वाट किती चढाची, हे त्यांना तोवर कागदावरून ठाऊक होते. त्या बराच वेळ बघत राहिल्या. आम्हीही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला सौ.नी सांगितले, "दिसले रे तुमचे दिवे. पुष्कळ होते." तो एवढा हसला की आम्हालाच कसेतरी झाले.

सकाळी मुरगाव बंदर आले. मुंबईपासून सुमारे सव्वाचारशे किलोमीटर पाण्याची वाट एका रात्रीत झाली. जुवारी नदीच्या मुखावरचे हे बंदर खनिज आणि कोळशाचे. निळ्या पाण्याची चित्रे डोक्यात घेऊन आलेल्यांना प्रथम क्रेन दिसतात. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्तीच्या वेळी पोर्तुगिजांची "अफोन्सो द अल्बुकर्क" ही युद्धनौका याच बंदरात भारतीय नौदलाशी लढून निकामी झाली आणि दुसऱ्या दिवशी गोवा मोकळा झाला.

बहुतेक प्रवासी बसने समुद्रकिनाऱ्याकडे आणि चर्चकडे गेले. आम्ही लातूरकडच्या एका शिक्षक जोडप्याबरोबर टॅक्सी ठरवली आणि रिवणला गेलो. ड्रायव्हरने तीनदा विचारले, "बीच नको?" मडगाव मागे टाकून नारळी-पोफळीतून, केप्याकडून रस्ता आत जातो. रिवण हे नाव ऋषिवनावरून आले असे लोक सांगतात. तेथे जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. अजिंठा-वेरूळ डोळ्यासमोर आणू नका. ना शिल्प, ना स्तंभ. वाकून आत शिरायचे, मोबाईलची बॅटरी लावायची, आणि ओलसर भिंतींच्या लहान खोल्या. जवळ पाणी. सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास येथे बौद्ध भिक्खू राहत असे अभ्यासक मानतात. गावात त्याला पांडवांची लेणी म्हणतात. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांनाही पांडवलेणीच म्हणतात. पांडव वनवासात एवढे दगड फोडत बसले असते तर त्यांना युद्धाला वेळ मिळाला नसता!

आत चौघे उभे राहून आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटले. आवाज भिंतींना लागून परत येत होता. ड्रायव्हर बाहेर चपला काढून उभा होता. त्याने नंतर सांगितले की त्याचे आजोळ याच भागात आहे आणि लहानपणी ते येथे लपंडाव खेळत. ही भिक्खूंची जागा आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

गोव्यात बुद्धमूर्तीही सापडली आहे. १९३० साली फादर हेरास या संशोधकांना बार्देशातील कोलवाळ येथे एक मूर्ती मिळाली. ती आता मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातील हेरास संस्थेत आहे. म्हणजे आदल्या सकाळी आम्ही बोरीबंदरला चहा पीत होतो तेथून हाकेच्या अंतरावर! पुढच्या वेळी ती पाहणार.

परतताना रस्त्यावर ट्रक बंद पडून गर्दी झाली आणि चौघांच्या तोंडचे पाणी पळाले. बोट वेळेला सुटते, कोणासाठी थांबत नाही. राहिलात तर आपल्या खर्चाने मुंबई गाठायची. शिक्षक महाशय घड्याळ बघत होते, सौ. म्हणत होत्या, "राहिलो तर कोकण रेल्वे आहे की." वीस मिनिटे शिल्लक असताना आम्ही फाटकात पोचलो.

परतीच्या रात्रीचे फारसे सांगण्यासारखे नाही. नाटकगृहात जादूचे खेळ झाले, ते छान होते. सकाळी मुंबई आली. उतरताना सौ.नी त्या गुहागरच्या मुलाच्या हातात शंभराच्या पाच नोटा ठेवल्या आणि माढ्याचा पत्ता लिहून दिला. "करार संपला की आईला घेऊन ये, हुरड्याच्या वेळी ये." तो येईल न येईल.

माढ्यात परतल्यावर महिला मंडळाच्या बैठकीत आम्हाला कोणी विचारले नाही; सर्व प्रश्न सौ.ना. संडास कसा असतो, एवढ्या पाण्यात प्यायचे पाणी कोठून आणतात, भीती वाटली का. पिण्याचे पाणी समुद्राच्याच पाण्यातून मीठ काढून करता येते हे ऐकून आमच्या गल्लीतील बायका गप्प झाल्या. त्यांच्याकडे नळाला दिवसाआड पाणी येते. मग किंमत निघाली. ४८ हजार म्हटल्यावर सगळ्यांनी मान हलवली. तेव्हा सौ.नी सांगितले की भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोठी रो-रो बोट जाते, २०२० च्या मार्चपासून ती चालू आहे, तासाभराचा प्रवास आहे आणि माणशी काही शे रुपयांत होतो. पावसाळा सोडून जावे. रात्रीच्या गाडीने जायचे, सकाळी बोटीने मांडवा, दुपारी परत, संध्याकाळी चैत्यभूमी आणि रात्रीच्या गाडीने कुर्डुवाडी. बचत गटाच्या अकरा बायकांनी नावे दिली आहेत. आरक्षणाचे फॉर्म भरण्याचे काम आमच्याकडे आले आहे. दोघींच्या आधारकार्डावर जन्मतारीख चुकलेली आहे, ती दुरुस्त होऊन आली की तारीख ठरवू.